चांदीच्या गोळीचं काही खरं नाही
नरलांडगा, म्हणजे लांडग्याचं रूप घेणारा माणूस, फक्त चांदीच्या गोळीने मरतो आणि फ्रान्समधल्या झेव्होदाँच्या त्या नरभक्षक श्वापदाला झाँ शास्तेल नावाच्या तिथल्याच शिकाऱ्याने तशीच गोळी घातली, हे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी फॉरवर्ड करतंच. मारलं त्यानेच, १९ जून १७६७ ला, पण त्या वेळच्या कागदपत्रांत चांदी कुठेच नाही, येशूच्या आईची, मेरीची पदकं वितळवून गोळ्या ओतल्या वगैरे मसाला पार विसाव्या शतकातल्या लेखकांचा. त्याआधी १७६५ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या, पंधराव्या लुईच्या माणसाने एक भलामोठा लांडगा मारला, सगळ्यांना वाटलं संपलं एकदाचं, आणि डिसेंबरात हल्ले परत चालू! शास्तेलवाल्या जनावराची तर नोटरीने मापं लिहून ठेवलीत, अगदी दातसुद्धा मोजलेत. माणसाचं काहीच नाही हो त्यात, लांडग्यासारखंच जनावर.