अशनी-ओळख आणि परग्रहवासी-संपर्काचे तर्क : कोल्हापूर परिसर

आकाशातून जमिनीपर्यंत पोहोचलेला दगड किंवा धातूचा तुकडा भूपृष्ठावरच्या खडकांतून, खनिजांतून आणि कारखान्यांच्या टाकाऊ मालातून वेगळा काढण्याची रीत म्हणजे अशनी-ओळख. कोल्हापूर परिसरात ही रीत नेहमीपेक्षा काटेकोरपणे वापरावी लागते. येथील पठारांची माती लोहयुक्त आहे आणि जिल्ह्याचा एक मोठा धंदा बिडाच्या ओतकामाचा आहे. काळा, जड आणि लोहचुंबकाला चिकटणारा दगड सापडला की तो ‘वरून आला’ असे वाटते. तो कोणी तरी ‘पाठवला’ ही कल्पना तिथून फार लांब नसते. म्हणून दोन्ही विषय येथे एकत्र घेतले आहेत.

संज्ञा : आकाशात क्षणभर दिसणारी प्रकाशरेषा ती उल्का आणि जमिनीवर हाती लागणारा तुकडा तो अशनी, असा भेद आजच्या मराठी शास्त्रीय लेखनात रूढ आहे. बोलीत दोहोंना मिळून ‘तारा तुटला’ किंवा ‘उल्का पडली’ म्हणतात. ‘अशनी’ हा शब्द जुना असला, तरी त्याचा आजचा अर्थ तितका जुना मानता येत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (साधारण इ. स. सहावे शतक) उल्कालक्षणाध्यायात धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार दिले आहेत. त्यातली अशनि मोठा आवाज करीत माणसे, हत्ती, घोडे, झाडे, घरे यांवर चक्राकार पडते आणि जमीन विदारते. विजेचा प्रकार वेगळा मोजला असल्याने येथे अशनि म्हणजे आकाशातून पडणारा दगडच, असा अर्थ लावणे शक्य आहे. उलट, वेदवाङ्मयापासून ‘अशनि’ हा शब्द वज्र आणि वीज या अर्थांनीच वावरतो. शिवाय त्याच अध्यायाच्या आरंभी पुण्यफळ भोगून स्वर्गातून खाली येणाऱ्यांची रूपे म्हणजे उल्का, अशी व्याख्या आहे. वर्णन प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे असावे, स्पष्टीकरण मात्र शकुनशास्त्राचे आहे. आधुनिक परिभाषाकारांनी जुना शब्द नव्या अर्थाने घेतला, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित दिसते.

भारतात पडलेल्या दगडाची तारखेसह नोंद आणि त्याचा उपयोग या दोन्ही गोष्टी १६२१ सालच्या जालंधरजवळच्या लोह-अशनीबाबत एकत्र सापडतात. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे वजन लिहून ठेवले आणि साधे लोखंड मिसळून त्याची हत्यारे घडवून घेतली. युरोपात दगड आकाशातून पडतात हे मान्य होण्यास १७९८ सालच्या बनारसच्या अशनीचा हातभार लागला. त्या दगडाच्या रासायनिक पृथक्करणात निकेल आढळले (१८०२), आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधील लेग्ल येथील अशनिवर्षावाने वाद मिटवला. महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण नागपूर जिल्ह्यातील काटोलचे. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी तेथे पडलेले दगड कोंड्राइट या दगडी अशनींच्या वर्गाचे ठरले.

कोल्हापूरची जमीन : जिल्ह्याचा पाया दख्खनच्या बसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पन्हाळा, मसाई पठार आणि राधानगरी-शाहूवाडीकडील सड्यांवर (खडकाळ, सपाट माथ्यांवर) त्याच्या माथ्याला जांभ्याचे जाड कवच आहे व काही ठिकाणी बॉक्साइटही आहे. हे उंचावरचे जांभे कसे बनले यावर मतभेद आहेत. एका जुन्या मतानुसार बसाल्ट जागच्या जागी कुजून जांभा झाला आणि ही पठारे म्हणजे एका सलग प्राचीन भूपृष्ठाचे उरलेले तुकडे. दुसऱ्या मतानुसार लोह वाहून आणणारे पाणी पूर्वीच्या दऱ्यांत व सखल भागांत साचले, तेथील माती लोहाने घट्ट झाली आणि भोवतालचे डोंगर झिजून गेल्यावर त्या दऱ्याच उंच पठारे होऊन राहिल्या. लांबट, वळणदार सड्यांचा आकार पाहता दुसरे मत अनेक ठिकाणी जास्त पटते. मात्र सर्व पठारांना ते सरसकट लावता येत नाही.

अशनी शोधणाऱ्याच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व असे की, दोन्ही प्रक्रियांत लोहाची संयुगे पुन्हा पुन्हा विरघळून गोठतात आणि वाटाण्यापासून लिंबाएवढ्या गोट्या तयार होतात. त्यांना बाहेरून काळपट तपकिरी, चकचकीत साल असते. काहींत मॅग्हेमाइट हे चुंबकीय खनिज असते, म्हणून त्या लोहचुंबकाला चिकटतात. पठारावरची अशी गोटी आणि अशनी काळी साल व लोहचुंबक या पहिल्या दोन कसोट्यांवर सारख्याच उतरतात. तिसऱ्या कसोटीवर फरक कळतो. सोनार कसोटीवर कस लावतो तसा दगड फरशीच्या मागच्या, बिनचकाकीच्या बाजूवर घासावा. जांभ्याच्या गोटीचा कस लालसर तपकिरी किंवा पिवळट येतो. ताज्या अशनीचा बहुधा उमटतच नाही, किंवा फिकट करडा येतो. काळा कस आला तर मॅग्नेटाइट या लोहखनिजाची शंका घ्यावी.

ओतकामाचा माल : शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या भागांतील फौंड्र्यांमुळे दुसरी अडचण येते. भट्टीतून निघणारे कीट (वितळलेल्या धातूवरचा मळ), वापरून झालेली काळी वाळू, साच्याबाहेर सांडलेले बीड आणि शॉट ब्लास्टिंगचे बारीक पोलादी छर्रे भरावाबरोबर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, पुराच्या पाण्यातून शेतापर्यंत पोहोचतात. कीटाचा ढेकूळ हातात घेतला तर तो अगदी ‘आकाशातला’ दिसतो : काळा, एका बाजूने काचेसारखा गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने ओघळलेला, कुठे हिरवट-निळसर झाक. तो फोडला की आत बुडबुड्यांची जाळी दिसते, भाकरीच्या पापुद्र्याखाली दिसावी तशी. कोंड्राइटात अशी जाळी नसते. अशनी वातावरणात तापतो तेव्हा त्याचा फक्त बाहेरचा थर वितळून उडून जातो. उरते ते एक-दोन मिलिमीटरहूनही पातळ काळे कवच, आणि आतला दगड जसाच्या तसा राहतो. म्हणून तुटलेल्या कडेवर अंड्याच्या टरफलासारखी काळी रेघ आणि तिच्या आत फिकट करडा गाभा दिसणे हे अशनीचे सर्वांत विश्वासार्ह बाह्यलक्षण आहे. ओल्या मातीत बोट दाबावे तसे उथळ खळगेही काही अशनींवर असतात. लोह-अशनींवर ते जास्त ठळक उमटतात.

बिडाचा तुकडा जास्त फसवतो. त्याची घनता सात-सव्वासात, लोह-अशनीची पावणेआठच्या आसपास. पाण्यात बुडवून वजन केले तरी हा फरक घरच्या तराजूवर खात्रीने पकडता येत नाही. येथे निकेलची चाचणी उपयोगी पडते. लोह-अशनीत निकेल साधारण पाच टक्क्यांहून अधिक असते, साध्या बिडात ते जवळपास नसते. डायमिथाइलग्लायॉक्झिम या रसायनाने निकेल असल्यास गुलाबी-लाल रंग येतो. पण स्टेनलेस स्टीलच्या भंगारातही निकेल असतेच. औद्योगिक गावात केवळ रंगावर निकाल देऊ नये. पृष्ठभाग घासून, पॉलिश करून सौम्य आम्लाने कोरल्यावर बहुतेक लोह-अशनींत एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची विडमानश्टेटन नक्षी उमटते. ती तयार होण्यास लाखो वर्षांचे अतिशय सावकाश थंड होणे लागते आणि कोणतीही भट्टी तेवढा वेळ देऊ शकत नाही.

पडलेल्या अशनींत सुमारे ९५ टक्के दगडीच असतात. त्यांच्या घासलेल्या खिडकीत भिंगाने पाहिल्यास धातूचे चमकते कण आणि कोंड्रूल नावाचे बारीक गोल दाणे दिसतात. गगनबावड्याच्या बाजूला पडणाऱ्या पावसात धातूचे कण लवकर गंजतात, तेव्हा ताजा नमुना कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवणे आणि जागेची नोंद करणे महत्त्वाचे. जोरदार लोहचुंबक लावू नये. दगडात जपलेली कोट्यवधी वर्षांपूर्वीची चुंबकीय खूण त्याने पुसली जाते. पडलेला दगड हाताला भाजतो, ही समजूतही बरोबर नाही. वीस-तीस किलोमीटर उंचीवर त्याचा उजेड विझतो, पुढे तो साध्या दगडाच्या वेगाने थंड हवेतून खाली येतो. भारतात अशनींची जपणूक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते; मुख्य संग्रह कोलकात्यात आहे. नाव सापडलेल्या ठिकाणावरून दिले जाते.

लोणारचा संदर्भ : बसाल्टवरच्या आघाताचा अभ्यास करायचा तर कोल्हापूरकरालाही बुलढाणा जिल्ह्यातील लोणारकडे पाहावे लागते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पूर्वी ज्वालामुखीचे मानले जाई. १९७३ साली तेथील बसाल्टमध्ये आघाताने काचेत रूपांतर झालेले फेल्डस्पार हे खनिज, म्हणजे मॅस्केलिनाइट, दाखवले गेले आणि आघाताचे मत स्थिरावले. वयाचा प्रश्न मात्र खुला आहे. उष्मादीप्ती पद्धतीने (तापवल्यावर खनिजातून निघणारा उजेड मोजून) सुमारे ५२ हजार वर्षे हे वय मिळाले आणि माहितीपत्रकांत तेच रुळले. २०११ साली वितळलेल्या खडकाच्या आर्गॉन कालमापनातून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. आघातात खडक खरोखर वितळला तो क्षण दुसरी पद्धत मोजते, म्हणून तिच्याकडे कल झुकतो. मॅस्केलिनाइट प्रथम ओळखले गेले तेही भारतातल्याच दगडात : १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत. हा दगड मंगळावरचा असल्याचे आता मान्य आहे.

परग्रहवासी-संपर्काचे तर्क : येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दगडात सजीवांचे घटक सापडणे, अवकाशातून सूक्ष्मजीव येणे आणि बुद्धिमान पाहुण्यांनी वस्तू पाठवणे. पहिली सिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातील मर्चिसन अशनीत (१९६९) प्रथिनांचे घटक असलेली अनेक अमिनो आम्ले सापडली. अंटार्क्टिकात सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या एका दगडात जीवाश्मसदृश आकार असल्याचा दावा १९९६ साली झाला, तो बहुसंख्य अभ्यासकांना पटला नाही.

दुसऱ्या तर्काशी कोल्हापूरचे नाते जवळचे आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचा जन्म कोल्हापूरचा. त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून २००१ व २००५ साली मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत घेतले गेले. दुसऱ्या प्रयोगातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या (जाहीर २००९). एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचे, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले. अतिनील किरणांना त्या जवळच्या जातींपेक्षा जास्त टिकतात. मात्र हे जीव पृथ्वीबाहेरचेच, असे इस्रोने म्हटले नाही, आणि आर्यभटाच्या नावाचा जिवाणू पुढे साध्या मातीतही सापडला. प्रयोगाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. प्रश्न चाचणीला उतरेल अशा रूपात मांडणे आणि विरुद्ध निकालालाही जागा ठेवणे, हे या प्रयोगाने करून दाखवले. याच भूमिकेतून नारळीकर फलज्योतिषाचीही तपासणी करायला निघाले होते.

तिसऱ्या तर्काचे अलीकडचे उदाहरण पापुआ न्यू गिनीजवळच्या समुद्राचे. जानेवारी २०१४ मध्ये तेथे फुटलेली उल्का आंतरतारकीय, म्हणजे सूर्यमालेबाहेरून आलेली होती, आणि २०२३ साली चुंबकी घसरगाडीने तळातून गोळा केलेले सूक्ष्म गोलक तिचेच असून कदाचित कृत्रिमही असतील, अशी मांडणी हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ आवी लोब यांनी केली. गोलकांची रासायनिक घडण कोळशाच्या राखेशी जुळते, असा आक्षेप आला. शोधाची जागा ठरवण्यात वापरलेला भूकंपमापकाचा संकेत जवळच्या रस्त्यावरच्या ट्रकचा असावा, असे २०२४ च्या अभ्यासात दिसले. प्रस्तुत नोंदकाराला आक्षेप जास्त वजनदार वाटतात. हा वाद कोल्हापुरात विशेष लक्षात ठेवावा : येथे गच्चीच्या पन्हळीतला गाळ चुंबकाने वेचला की चकचकीत गोलक हमखास मिळतात, ते वेल्डिंगचे, शॉट ब्लास्टिंगचे आणि बॉयलरच्या धुराड्याचे असतात. शहरी छपरांवरून खरे सूक्ष्म-अशनी वेगळे काढता येतात हे २०१७ साली नॉर्वेतील संग्रहावरून सिद्ध झाले, पण एकेक दाणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून.

आकाशात दिसणाऱ्या ‘यानां’पैकी बरीचशी माणसाचीच असतात. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात अनेकांनी जळत जाणारी रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे मिळाले. ते चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष असल्याचे मानले जाते. २०१९ पासून आगगाडीच्या डब्यांसारखी सरकणारी दिव्यांची माळ दिसते ती स्टारलिंक उपग्रहांची.

उलट दिशेने, म्हणजे येथून तिकडे गेलेल्या संदेशात मराठी आहे. १९७७ साली निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत ५५ भाषांतील अभिवादनांत मराठीचाही समावेश आहे, आणि संगीतात केसरबाई केरकर यांची भैरवी. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ हे शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारचे गायक होते. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबर १९७७ रोजी उड्डाण केले. केसरबाई १६ सप्टेंबरला वारल्या. ऑगस्ट २०१२ मध्ये हे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, आंतरतारकीय अवकाशात गेले.