देवळाली कॅम्पातला सोल्जर बाप: शोध घ्यायचा तर अर्ज कुठे, कागद कोणते

दुसऱ्या महायुद्धात देवळाली हा ब्रिटिश फौजेचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. मुंबईच्या गोदीत उतरलेले सोल्जर इथे आणून ठेवायचे आणि हुकूम आला की बर्मा आघाडीकडे रवाना करायचे. युद्ध संपल्यावर मायदेशी निघालेलेही इथेच बोटीची वाट बघत बसले. १९४३ च्या अखेरीस ‘मेरिल्स मरॉडर्स’ या नावाने पुढे गाजलेली अमेरिकन तुकडी मुंबईत उतरली, तीही आधी देवळालीलाच आली. त्या वर्षांत कॅम्पात काम करणाऱ्या, आसपास राहणाऱ्या मुलींशी काही नाती जुळली, काही मुलं झाली. ती आज ऐंशीच्या आसपास आहेत, आणि शोधाचं बहुधा त्यांची मुलं किंवा नातवंडंच मनावर घेतात.

बहुतेक जण पहिला ईमेल थेट लंडनला करतात: ‘आजोबांचं नाव जॉन, १९४४ साली देवळालीला होते.’ त्यातून काही निघत नाही. तिथल्या फायली आडनाव, जन्मतारीख आणि सर्व्हिस नंबर यांवर लावलेल्या आहेत. हे तीन धागे, निदान त्यांतले दोन, आधी नाशिकातच हाताशी यायला हवेत. म्हणून खालचा क्रम मोडू नका, अपवाद फक्त शेवटी दिलेल्या डीएनए चाचणीचा.

आधी आईची आणि मुलाची नोंद

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ प्रमाणे निबंधकाकडच्या नोंदवहीत शोध घ्यायला लावून उतारा मागण्याचा हक्क कोणाही व्यक्तीला आहे. ‘तुम्ही कोण लागता?’ असं खिडकीवर विचारलं तर या कलमाचा उल्लेख लेखी अर्जात करा, तोंडी वाद घालू नका.

अर्ज कुठे द्यायचा हे जन्म कोणाच्या हद्दीत झाला त्यावर ठरतं. कॅम्पाच्या हद्दीतला असेल तर देवळाली कॅन्टोन्मेंट बोर्ड, भगूरचा असेल तर भगूर नगरपरिषद. नाशिक किंवा नाशिकरोडचा असेल तर महापालिका. ती १९८२ साली झाली, त्यामुळे त्याआधीच्या नगरपालिकांच्या वह्या तिच्याकडेच विचारायच्या. खेड्यातला जन्म असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी वही, बघायचं. कुणबी नोंदींच्या शोधामुळे कोतवाल बुक हे नाव आता घरोघरी माहीत झालंच आहे. यातलं बरंचसं मोडीत असतं. आपल्याला येत नसेल तर मोडी वाचक गाठा. पुराभिलेख संचालनालयाकडे चौकशी केली की सापडतात. आणि बाळंतपण गुपचूप उरकायला मुलीला मुंबईला किंवा मामाच्या गावाला धाडलेलं असण्याची शक्यता धरूनच चला. अशा प्रकरणांत तसं व्हायचंच.

अर्जात मुलाचं नाव लिहून भागत नाही. तेव्हा बारशाआधीच नोंद व्हायची, त्यामुळे नावाचा रकाना अनेकदा कोरा असतो. आईचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, राहण्याचं ठिकाण आणि निदान तीन वर्षांचा कालावधी द्या. सोबत आधार, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि नातं दाखवणारं एखादं रेशनकार्ड पुरे. नोंद मिळाली नाही तर रिकाम्या हाताने परत येऊ नका, नोंद नसल्याचा दाखला मागून घ्या. पुढे परदेशी कार्यालयात तोच कामी येतो. खिडकीवर कोणी दाद देत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. महापालिका आणि तहसीलसाठी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत तीस दिवस. कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्राच्या अखत्यारीतलं, तिथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची.

एक काम मात्र करू नका. ऐंशी वर्षांनंतर विलंबित नोंदणीचा आदेश मिळवून त्यात ऐकीव माहितीवर बापाचं इंग्रजी नाव घालून घेण्याचा सल्ला काही एजंट देतात. त्या कागदाला तिकडे कवडीची किंमत नाही, उलट तुमच्या खऱ्या कागदांवर संशय येतो.

चर्चची वही

कुटुंब ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन असेल, किंवा मूल मिशनच्या वसतिगृहात वाढलं असेल, तर बाप्तिस्म्याची नोंद सरकारी नोंदीपेक्षा बोलकी असते. तिच्यात जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा हुद्दा असे रकाने असतात. बापाचं नाव गाळलेलं असलं तरी साक्षीदार किंवा धर्मपालक म्हणून सही करणारा कधीकधी त्याच्याच पलटणीतला दोस्त निघतो. वही दाखवायची की नाही हे पाळकाच्या मर्जीवर आहे, तेव्हा रविवारची गर्दी टाळून, अर्ज लिहून जा. नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यातून वेगळा झाला, म्हणून जुन्या पत्रव्यवहाराची चौकशी पुण्यातही करा.

इथली वही कसरीने खाल्ली असली तरी सगळं संपत नाही. ब्रिटिश अमलात चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या. मुंबई इलाख्याच्या नकला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. ‘फाइंडमायपास्ट’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून त्या घरबसल्या बघता येतात, आणि ब्रिटिश अमलातल्या भारतातल्या कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची शोधसूची फुकट आहे.

तारीख पक्की करणं

आमच्या पिढीच्या आईवडिलांची निम्मी जनता एक जूनला जन्मली आहे, कारण गुरुजींनी तसं लिहून टाकलं. शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही तारीख या कामात धरूच नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सालही विचारू नका, तेव्हा काय चाललं होतं ते विचारा. बेचाळीसची चळवळ, मुंबईच्या गोदीतला स्फोट (१४ एप्रिल १९४४), नौदलाचं बंड (फेब्रुवारी १९४६), गांधीजींचा खून (३० जानेवारी १९४८): यातलं एखादं बाळाच्या जन्माआधी की नंतर, एवढं कळलं तरी वर्ष आवळता येतं. शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवेवरून बोटीत चढली, तेव्हा १९४९ सालच्या जन्माचा बाप देवळालीच्या पलटणीत शोधणं व्यर्थ आहे.

पक्की जन्मतारीख मिळाली की त्यातून २६६ दिवस मागे जा, म्हणजे गर्भ राहिल्याचा अंदाज येतो, आणि अलीकडे-पलीकडे दोन-दोन आठवडे सोडा. जन्म १० डिसेंबर १९४४ चा असेल तर मार्च १९४४ चा मध्य. त्या महिन्यात देवळालीत कोणत्या तुकड्या होत्या, हा खरा प्रश्न. घरातल्या म्हाताऱ्यांना आणखी एक विचारा, हळूच: तो सोल्जर किती दिवस भेटत होता? ट्रान्झिटमधला शिपाई काही आठवड्यांत हलायचा. ओळख सहा-आठ महिने टिकली असेल तर तो कॅम्पाच्या कायम कर्मचाऱ्यांतला असण्याचा संभव अधिक, म्हणजे लष्करी इस्पितळ, डेपो, वर्कशॉप किंवा मिलिटरी पोलीस. एवढ्या एका उत्तराने शोधाचा आवाका पुष्कळ कमी होतो.

घरात फोटो असेल तर तो लॅमिनेट करू नका. टोपीवरचा बिल्ला आणि खांद्यावरची पट्टी मोठी करून स्कॅन करा, पाठीमागची बाजूही. पाकिटावरचा शिक्का, फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर, पत्त्यातला आकडा, सगळं टिपा. अमेरिकन शिपायाचा नंबर आठ आकडी असतो. त्याचा पहिला आकडा १ असेल तर तो स्वेच्छेने भरती झालेला, २ असेल तर नॅशनल गार्डचा, ३ असेल तर सक्तीच्या भरतीतला.

ब्रिटनकडे अर्ज

नाव आणि जन्मतारीख किंवा नंबर हाती आल्यावरच इकडे वळायचं. ब्रिटिश संरक्षण खात्याकडच्या सेवा-नोंदी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजकडे जात आहेत, त्यामुळे फाइल आधी आर्काइव्हजच्या सूचीत शोधा, नसेल तर खात्याच्या ऑनलाइन अर्जावर मागा. जन्माला ११५ वर्षं झालेल्या शिपायाची फाइल खुली होते. पण १९४४ साली बावीस वर्षांचा असलेला माणूस १९२२ चा, त्याची पाळी २०३७ साली येणार. म्हणून मृत्यूचा पुरावा लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये वारलेल्यांचा दाखला तिथल्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून भारतात बसून मागवता येतो. तो युद्धात पडला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी फुकट आहे. तिच्यात पुष्कळदा आईबापांची नावं आणि गावही असतं. खडकीची युद्धस्मशानभूमी तिच्यातच येते.

पात्रतेची खरी अडचण इथे आहे. लग्नाबाहेरचं, बापाचं नाव कागदावर नसलेलं मूल स्वतःला ‘जवळचा वारस’ म्हणून सिद्ध करू शकत नाही. तेव्हा सामान्य अर्जदार म्हणूनच अर्ज करा. मृत्यूला पंचवीस वर्षं झाली असतील तर वारसाच्या संमतीवाचूनही बरीच माहिती देतात, त्याआधी जुजबी. खोटं नातं लिहू नका.

तो हिंदी पलटणीतला ब्रिटिश अधिकारी असेल तर त्याची फाइल संरक्षण खात्याकडे शोधण्यात वेळ घालवू नका. ती ब्रिटिश लायब्ररीत, ‘एल/एमआयएल/१४’ मालिकेत बघा. आणि नुसती तुकडी कळली असेल, नाव नाही, तर क्यूला ‘डब्ल्यूओ १७२’ मधल्या आग्नेय आशिया आघाडीच्या युद्ध-रोजनिश्या आहेत. विमानदलाच्या स्क्वाड्रनसाठी ‘एआयआर २७’.

अमेरिकन असेल तर

इथे नियम सोपा आणि नशीब खडतर. नोकरी सुटून ६२ वर्षं झालेल्या शिपायाची फाइल कोणालाही मिळते, म्हणजे महायुद्धातल्या साऱ्यांची. सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे स्टँडर्ड फॉर्म १८० भरायचा. पाच पानांपर्यंतच्या फाइलला २५ डॉलर, त्याहून मोठीला ७० डॉलर. पण १२ जुलै १९७३ च्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सुटलेल्या भूदल शिपायांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. ‘फाइल उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर अंतिम पगाराची पावती आणि तुकडीचे मॉर्निंग रिपोर्ट (रोजच्या हजेरीच्या नोंदी) वेगळे मागा.

नाव अजिबात नसेल तर डीएनए

चाचणी मुलाचीच करा, नातवाची नंतर. मुलात बापाचा निम्मा वाटा असतो, नातवात पाव. मूल हयात असेल तर बाकी कागदांची वाट न बघता हे आधी उरका. वय थांबत नाही. कंपनी भारतातून नमुना स्वीकारते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. निकालात सेंटिमॉर्गनचे, म्हणजे दोघांत किती डीएनए जुळतो त्या मापाचे, आकडे येतात: १७०० च्या आसपास जुळलं तर सावत्र भावंड असू शकतं (काका-आत्या किंवा पुतण्या-भाचाही याच आकड्यात बसतो, म्हणून वय बघा), साडेआठशेच्या आसपास चुलत-मावस भावंड, दोनशे-तीनशे असेल तर त्याच्या पुढच्या फळीतलं. एका कंपनीचा कच्चा डेटा उतरवून वेगवेगळ्या कंपन्यांचे निकाल जुळवणाऱ्या ‘जीईडीमॅच’ या संकेतस्थळावर फुकट चढवता येतो.

नागरिकत्वाचा प्रश्न बरेच जण विचारतात. १ जुलै २००६ पूर्वी अविवाहित आईबापांच्या पोटी जन्मलेल्या, बाप ब्रिटिश असलेल्या व्यक्तींसाठी तिथे २०१५ पासून नोंदणीची तरतूद आहे, अर्ज ‘यूकेएफ’. पितृत्वाचा पुरावा लागतो. पण दुसरं नागरिकत्व घेतलं की आपल्या १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं. ऐंशीव्या वर्षी पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं) काढायचं का, हे घरात बसून ठरवा.

आणि कोणी नातेवाईक सापडलाच, तर पहिलं पत्र अर्ध्या पानाचं असू द्या. तुमचं नाव, आईचं नाव, देवळाली, महिना-वर्ष आणि डीएनएचा आकडा किंवा फाइलचा क्रमांक. ‘आम्हाला पैसा किंवा मालमत्ता नको’ हे एका ओळीत स्वच्छ लिहा. समोरच्या घरात एखादी नव्वदीतली विधवा असू शकते, म्हणून पत्र त्या माणसाच्या मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावाने, बंद पाकिटातून, नोंद राहील अशा टपालाने. उत्तराला तीन महिने द्या, मग एकदाच आठवण करा.