मॉन्डेग्रीन

मॉन्डेग्रीन : गाणे, आरती, प्रार्थना किंवा कविता ऐकताना मूळ शब्दांच्या जागी तसेच वाजणारे दुसरे शब्द ऐकू येणे आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर वाटणे. नुसते चुकीचे ऐकणे म्हणजे मॉन्डेग्रीन नव्हे. ऐकू आले नाही म्हणून ‘काय म्हणालात?’ असे विचारले की ते प्रकरण तिथेच मिटते. मॉन्डेग्रीनमध्ये ऐकणाऱ्याला शंकाच येत नाही. आपलेच शब्द तो वर्षानुवर्षे खड्या आवाजात म्हणत राहतो.

संज्ञा अमेरिकन लेखिका सिल्व्हिया राइट हिची. लहानपणी तिची आई तिला एक जुना स्कॉटिश पोवाडा वाचून दाखवी. त्यात मरे इथल्या अर्लला, म्हणजे सरदाराला, मारल्यावर ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे त्याला हिरवळीवर निजवले, अशी ओळ आहे. मुलीने ऐकले ‘लेडी मॉन्डेग्रीन’. अर्लसोबत एक बाईही मारली गेली, असे तिच्या मनाने धरले. १९५४ साली ‘हार्पर्स’ मासिकात तिने या लेडीवर लेख लिहिला आणि अशा चुकांना त्या लेडीचेच नाव दिले. या चुका मूळ शब्दांपेक्षा सरस असतात, असा तिचा दावा होता. तो पुष्कळदा पटतो. इंग्रजी शब्दकोशांनी हा शब्द पुढे स्वीकारला. मेरियम-वेबस्टरमध्ये तो २००८ साली आला.

मराठीतली सगळ्यांत मोठी खाण म्हणजे गणपतीची आरती. ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’ याचे ‘फळीवर वंदना’ होते, ‘संकटी पावावे’चे ‘संकष्टी पावावे’, ‘उटी शेंदुराची’ची ‘ओटी’, तर ‘वाट पाहे सदना’मध्ये सदनाचा ‘सजणा’ होतो. शंकराच्या आरतीतले ‘लवथवती’ बहुतेकांच्या तोंडी ‘लवलवती’ असते. तिन्हीसांजेच्या ‘दीपज्योती नमोस्तुते’मध्ये दीपक जोशी नावाच्या गृहस्थांना नमस्कार घडतो, हा विनोद आता जुना झाला, तरी पोरे अजून तो नव्याने शोधून काढतात.

या चुकांना एक दिशा असते. फणिवर म्हणजे सापांतला श्रेष्ठ, हे सात वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? फळी मात्र घरात असते आणि तिच्यावर देवही असतात. उटी आता घरातून गेली, ओटी राहिली. संकष्टीला तर आईचा उपास असतो. चाल आणि अक्षरांची संख्या जवळपास तशीच राहते, फक्त आतला अपरिचित शब्द जाऊन ओळखीचा शब्द त्या जागी बसतो. बोलण्यात शब्दांच्या मधे मोकळी जागा नसते. ती कान पाडतो, आणि पाडताना आधीपासून ठाऊक असलेल्या शब्दांचाच आधार घेतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरेन यांनी १९७० साली एका ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी काढून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी शब्द पूर्ण ऐकू आल्याचे सांगितले. गाण्यात तर ताल, वाद्ये आणि ताणलेले स्वर मिळून असे खोकले जागोजागी पेरलेले असतात. वीस जणांनी एकत्र टाळ्या वाजवत म्हटलेल्या आरतीबद्दल वेगळे सांगायला नको.

सोलापुरात कानाचे काम आणखी अवघड होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा इथे एकाच बोळात ऐकू येतात. तेलुगू मुख्यतः पद्मशाली विणकरांबरोबर तेलंगणातून आली. कन्नड तर इथली जुनीच. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत. सारखे वाजणारे शब्दही भरपूर. कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणजे कापूस; गिरण्यांच्या या गावात मराठी पोराला त्या शब्दातून सोंडच दिसते. तेलुगूत ‘पाट’ म्हणजे गाणे, मराठी घरात पाटा वरवंट्याबरोबर येतो. शेजारच्या भाषेचे अर्धवट ज्ञान मॉन्डेग्रीनला फार मानवते. भाषा अजिबात येत नसेल तर नुसता नाद उरतो, आणि पूर्ण येत असेल तर चूक होत नाही.

त्यातला नुसता नाद संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत ऐकायला मिळतो. अक्षता सोहळ्यात संमतीवाचन होते, आणि ‘दिड्डम् दिड्डम्’ हे शब्द कानी पडताच गर्दी अक्षता टाकते. अर्थ विचारायला कोणी थांबत नाही आणि शब्दाला मराठी रूप द्यायचा मोहही कोणाला होत नाही. ‘यण्णीमज्जन’ हा तैलाभिषेकाचा विधी. कन्नड ‘एण्णे’ म्हणजे तेल. शब्दारंभीचा ए कन्नड उच्चारात ‘ये’कडे झुकतो आणि मराठी कानाने तो तसाच टिपला. ही दोन्ही मॉन्डेग्रीन नव्हेत, कारण त्यांतून नवा अर्थ निघालेला नाही. इंग्रज शिपायांनी मोहरममधल्या ‘या हसन, या हुसेन’ या हाकेचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ केले, ते मात्र अस्सल मॉन्डेग्रीन. दोन साधी इंग्रजी आडनावेच ऐकली त्यांनी! यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला हेच नाव दिले.

भाद्रपद जवळ आला की ‘आरतीतल्या चुका टाळा’ असे फॉरवर्ड फिरू लागतात. ते उपयोगाचे असतात, पण त्यांतला आत्मविश्वास जरा जास्तच असतो. ‘मनकामना पुरती’ की ‘मनःकामनापूर्ती’, हा वाद दरवर्षी निघतो. इथे दोन्ही पाठ प्रचलित आहेत आणि दोन्हींचा अर्थ लागतो. तोंडी परंपरेत पाठभेद असायचेच. तो पाठभेद आणि ‘फळीवर वंदना’ यांना एकाच यादीत बसवणे गैर आहे.

जवळची दुसरी संज्ञा ‘एगकॉर्न’. एकॉर्न, म्हणजे ओकचे फळ, याला कोणी ‘एग कॉर्न’ म्हणते असे आढळल्यावर भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००३ साली ती सुचवली. मॉन्डेग्रीन गाण्यात किंवा कवितेत घडते, तर एगकॉर्न रोजच्या बोलण्यालिहिण्यात, आणि त्यात चुकीच्या रूपालाही काहीतरी तर्क असतो. ‘अनसूया’ची ‘अनुसया’ होते ती याच वाटेने : ‘अनु’ हा उपसर्ग ओळखीचा, ‘अन्’ तितकासा नाही.

आता यंत्रेही चुकीचे ऐकतात. व्हिडिओखाली आपोआप उमटणारी अक्षरे तयार करणारी प्रणाली आवाजाशी जुळणारे आणि भाषेत अधिक संभवणारे शब्द निवडते, म्हणजे आरतीतल्या पोरासारखेच वागते. पुष्कळदा ती एका वेळी एकच भाषा धरून चालते. सोलापूरकर एका दमात तीन भाषा वापरतो, आणि त्याच्या मराठीतही ‘काय करलालास बे’ असते. ‘करू लागलास’चे हे झिजलेले रूप छापील मराठीत जवळपास सापडत नाही. छापील मराठीवर पोसलेली प्रणाली मग ते मोडते आणि ओळखीच्या तुकड्यांत लिहून टाकते.