पाचवा सरला, आता आत काय चाललंय?

उलट्या थांबल्या, पोट जरा दिसायला लागलं की सगळ्या बायका म्हणतात आता तुझे सुखाचे महिने. सुखाचे आहेतच, पण विसाव्या आठवड्याला जेमतेम ३०० ग्रॅमचं बाळ अठ्ठाविसाव्याला किलोभर होतं, म्हणजे दोन महिन्यांत तिप्पट, मग दुपारी चारला आपले डोळे मिटणारच ना!

बाळ पहिल्यांदा हललं तेव्हा मला तर गॅसेसच वाटले. पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत कळतं, दुसऱ्या खेपेला १६ लासुद्धा. वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असली तर ती मध्ये उशीसारखी येते आणि लाथा उशिरा जाणवतात, त्यामुळे जावेला कधी कळलं होतं यावरून टेन्शन घेण्यात अर्थ नाही. चोविसावा आठवडा आला तरी काहीच जाणवत नसेल तर मात्र डॉक्टरांना सांगायचं.

मग येतो हिमोग्लोबिनचा रिपोर्ट. एवढं खातेय तरी कमी कसं? अचानक पाहुणे आले की आपण वरणात पाणी वाढवतो, डाळ असते तेवढीच, तसंच आहे हे. गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, पण त्यातलं पाणी आधी आणि जास्त वाढतं, लाल पेशी मागून येतात, म्हणून आकडा थोडा उतरतो. पण ११ च्या खाली गेला तर 'असं होतंच' म्हणून सोडून द्यायचं नाही. लोहाची गोळी चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. शी काळी होते, घाबरू नका.

२४ ते २८ आठवड्यांत ते साखरेचं पाणी, म्हणजे डायबेटिसची तपासणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज, पेलाभर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं, आणि मग दोन तास लॅबच्या बाकड्यावर बसून राहायचं. मी लिंबू पिळू का विचारलं तर तिथल्या ताई म्हणाल्या पिळा, मग कसंबसं गेलं घशाखाली. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत उपाशीपोटी यायची सक्ती नाही आणि दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला डायबेटिस धरतात. आता 'आंबे जास्त खाल्लेस' असं सासूबाई म्हणतील, पण मूळ कारण वेगळंच असतं. वारेतून निघणारी हार्मोन्स आपल्या इन्सुलिनला मुद्दाम अडवतात, रक्तात साखर जरा जास्त राहावी आणि ती बाळाला मिळावी म्हणून. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे निभावतं, काहींचं कमी पडतं, एवढंच.

उताणं झोपल्यावर गरगरतं का? पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर मणक्याच्या उजव्या अंगाला असते आणि वजनदार गर्भाशय तिच्यावर दाबलं जातं, म्हणून डाव्या कुशीवर. रात्री झोपेत उताणी झालात तर कूस बदला आणि परत झोपा, रडत बसू नका (मी बसले होते).

जांघेत कळ, छातीत जळजळ, पिंडरीत गोळा, हे चालायचंच. पण डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्त किंवा पाणी जाणं, किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं यात सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच निघायचं.

चोविसाव्याच्या आसपास बाळाच्या फुप्फुसात साबणासारखा एक पदार्थ बनायला लागतो, त्याच्यामुळेच पुढे श्वास सोडल्यावर हवेचे बारीक फुगे आतून चिकटून बसत नाहीत. पंचवीस-सव्वीसला आवाजाला दाद देतं, पापण्या सव्वीस ते अठ्ठाविसात उघडतात. माझ्या सातव्यात कुकरची पहिली शिट्टी झाली की पोट एका बाजूने टुणकन उडायचं, दुसरीला थोडं, आणि तिसरीला काहीच नाही, जणू त्याला कळलेलं, भात होतोय.