बडोद्यातील तत्त्वज्ञानाचे अध्यापन आणि ग्रंथप्रकाशन

बडोदा संस्थानात आणि पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांची व तत्त्वग्रंथ संपादून छापणाऱ्या पंडितांची परंपरा. तिची केंद्रे दोन : १८८१ मध्ये सुरू झालेले बडोदा कॉलेज आणि प्राच्यविद्या मंदिर (जुन्या पोथ्या जपणारी व गायकवाड प्राच्य ग्रंथमाला छापणारी संस्था). विद्वानांत बडोद्याचे नाव झाले ते मुख्यतः दुसऱ्यामुळे, आणि त्याचे कारण पहिल्याच्या घडणीत आहे.

बडोदा कॉलेज १९४९ पर्यंत मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. अभ्यासक्रम मुंबईचा, परीक्षा मुंबईची. विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधलेल्या त्या भल्यामोठ्या घुमटाखाली कितीही व्यासंगी माणूस शिकवायला उभा राहिला, तरी नेमलेला भाग संपवण्यावाचून त्याची सुटका नसे. छपाईचे तसे नव्हते. तिला तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या (कारकीर्द १८७५–१९३९) दरबाराचा पैसा होता आणि तिथे मुंबईची आडकाठी येत नव्हती.

या मोकळिकीचा चांगला उपयोग करून घेतला तो अल्बन विजरी या इंग्रज प्राध्यापकाने. तत्त्वज्ञान आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास हे त्याचे विषय. दुसऱ्यात महाराजांना स्वतःलाच रस होता. १९१७ मध्ये विजरी आणि पुण्याचे रा. द. रानडे (पुढे निंबाळचे गुरुदेव) यांनी मिळून ‘इंडियन फिलॉसॉफिकल रिव्ह्यू’ हे त्रैमासिक काढले. ते काही वर्षेच चालले. महाराजांशी झालेल्या चर्चांतून विजरीचे नीतिविचारावरचे एक पुस्तक तयार झाले व ते १९२० मध्ये बडोद्यातच निघाले. राजाने प्राध्यापकाशी वाद घालावा आणि त्याचा ग्रंथ व्हावा, हे संस्थानी हिंदुस्थानात रोज घडणारे नव्हते. विजरी पुढे केंब्रिजला आणि मग अमेरिकेत शिकवायला गेला.

अरविंद घोष बडोद्यात तत्त्वज्ञान शिकवीत, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. १८९३ ते १९०६ या संस्थानच्या नोकरीत कॉलेजात त्यांनी शिकवले ते फ्रेंच आणि इंग्रजी. विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर त्यांनी बडोद्यात ध्यान केले तेही नोकरी सुटल्यावर, सुरतच्या काँग्रेसनंतर.

खरे भांडवल गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे. तिचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ मध्ये निघाला. पाटण बडोद्याच्याच मुलखात असल्याने तिथल्या जैन भांडारांतील ताडपत्रे संपादकांच्या हाताशी होती; चिमणलाल दलाल यांनी पाटण आणि जैसलमेर येथील पोथ्यांची पाहणी केली होती. शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या पंजिकेसह (टीकेसह) १९२६ मध्ये दोन खंडांत (क्र. ३० व ३१) आला. संपादक एंबार कृष्णमाचार्य. साडेतीन हजारांवर कारिकांच्या या बौद्ध ग्रंथात सांख्य, न्याय, मीमांसा, जैन अशा सगळ्यांची झडती आहे, आणि खंडनासाठी उतरवून घेतलेल्या मीमांसक कुमारिलाच्या अशा कारिकाही (श्लोकही) आहेत ज्यांचा मूळ ग्रंथ आज हाती नाही. गंगानाथ झा यांचे इंग्रजी भाषांतर याच मालेत १९३७ आणि १९३९ मध्ये निघाले. आनंदशंकर ध्रुव यांनी संपादिलेला बौद्ध तर्कशास्त्राचा ‘न्यायप्रवेश’ त्याआधी, १९३० चा.

मालेतला सर्वांत धीट ग्रंथ मात्र क्र. ८७ : जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ (१९४०). प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, एकही प्रमाण (ज्ञानाचे साधन) टिकत नाही आणि म्हणून कोणतेही तत्त्व सिद्ध होत नाही, असे सांगणारा हा सुमारे आठव्या-नवव्या शतकातला लेखक. त्याची ताडपत्री पोथी १९२६ मध्ये पाटणच्या भांडारात सापडली. म्हणजे ज्यांची मते जयराशी उडवून लावतो त्या जैनांनीच ती जपली होती. पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी ती संपादली. सुखलालजींची दृष्टी देवीच्या आजारात सोळाव्या वर्षी गेलेली. ते ग्रंथ दुसऱ्याकडून वाचून घेत, ऐकूनच पाठ पक्का करीत. जिथे ‘न’ गळाला तर पूर्वपक्ष (खोडायचे मत) सिद्धांत होऊन बसतो, अशा खंडनग्रंथाचे संपादन त्यांनी या पद्धतीने केले. एली फ्रँको यांनी १९८७ मध्ये या ग्रंथाच्या काही भागाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी जयराशीकडे जायची मुख्य वाट हीच बडोद्याची आवृत्ती होती.

मराठी वाचकाच्या वाट्याला यातले थोडेच आले. रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या मराठी घरांसाठी सयाजी साहित्यमाला होती. तिच्यात मराठी व गुजराती पुस्तके निघत. पण प्राच्य ग्रंथमालेचा व्यवहार मूळ संस्कृत आणि इंग्रजी प्रस्तावना असाच राहिला. मराठी राजाच्या पैशातून छापलेला ‘तत्त्वसंग्रह’ काशीत आणि युरोपात जेवढा वाचला गेला, तेवढा दांडिया बाजारात कधीच वाचला गेला नसावा.

१९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कॉलेज आणि प्राच्यविद्या मंदिर दोन्ही त्यात आले. अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार बडोद्याकडे आला. शिकवण्याचे माध्यम मात्र इंग्रजीच राहिले. मंदिराचे नियतकालिक १९५१ पासून निघू लागले. वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे सात खंड १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाले, आणि बडोद्याच्या प्राच्यविद्येचा गौरव होतो तो बहुधा त्यांच्याच नावाने.