गाडी लागली आणि नाक पळालं

अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत धावतो, आपल्याकडे तो उभा राहतो. इंग्रजीत सर्दी झालेलं नाक पळतं, मराठीत ते गळतं. नळाचं पाणी, इंजिन, दुकान, धुण्यात जाणारा कच्चा रंग, संगणकातला प्रोग्रॅम, या सगळ्यांना इंग्रजी माणूस एकच क्रियापद लावतो : 'रन'. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा अर्थ भरले ६४५. कोशकार पीटर गिलिव्हर यांचे सुमारे नऊ महिने या एका शब्दात गेले. १९८९च्या आवृत्तीत पहिला मान 'सेट'चा होता, ४३० अर्थांचा.

एवढे अर्थ एकाच शब्दाला का चिकटतात? भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिप्फ यांनी १९४५ मध्ये दाखवलं, की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. मला हे अगदी पटतं. नवी वस्तू आली की आपण हाताशी असलेलाच शब्द उचलतो. यंत्रं आली, 'रन' तयारच होता. पुढे प्रोग्रॅम आले, तोच कामाला आला.

आपलं 'लागणे' काही कमी नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, लग्न लागतं, झाडाला कैऱ्या लागतात. 'गाडी लागली' हे वाक्य स्टँडवर ऐकलं तर आपण पिशव्या उचलतो. घाटात ऐकलं तर खिडकी उघडतो. शब्द तेच, तरी क्षणभरही गोंधळ होत नाही. मेंदू हे करतो कसं?

डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. लोकांच्या कानात वाक्य चालू होतं : खोलीच्या कोपऱ्यात त्याला कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडले. कोळी-झुरळं आधीच आल्यामुळे अर्थ उघड होता. 'बग' कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर अक्षरं झळकत. हा खरा शब्द आहे की नुसती जुळवलेली अक्षरं, एवढंच झटपट सांगायचं. 'मुंगी' लोकांनी चटकन ओळखला, यात नवल नाही. पण 'हेर' हा शब्दही तितक्याच चटकन ओळखला गेला! म्हणजे हेरगिरीचा अर्थही मनात जागा झाला होता, ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसताना. तीच अक्षरं आणखी तीन शब्दावयव (सिलेबल) उलटल्यावर दाखवली, तर फायदा फक्त 'मुंगी'ला उरला. नको असलेला अर्थ तेवढ्यात मावळला होता.

मग ६४५ अर्थांच्या गर्दीत मेंदू अडखळत असेल का? जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शब्दांचे दोन गट वेगळे केले. 'बार्क' म्हणजे झाडाची साल आणि कुत्र्याचं भुंकणंही; या दोन अर्थांचं आपसात काही नातं नाही. असे शब्द ओळखायला लोकांना जरा जास्त वेळ लागला. 'ट्विस्ट'चे अर्थ मात्र एकाच पिळातून निघालेले : दोरीचा पीळ, मुरगळलेला घोटा, गोष्टीतलं वळण. असे एका कुळातले पुष्कळ अर्थ असलेले शब्द लोकांनी उलट लवकर ओळखले. 'रन'चे बहुतेक अर्थही असेच एकमेकांचे नातलग आहेत. पळणाऱ्या पायांपासून वाहत्या पाण्यापर्यंत आणि तिथून चालत्या इंजिनापर्यंतची वाट सहज दिसते.