पाचव्या गिअरमध्ये गाडी सगळ्यात जोरात पळते का?

भाऊबीजेला जालन्याला बहिणीकडे गेलो, तेव्हा अकरावीतला भाचा कॉम्प्युटरवर शर्यतीचा गेम खेळत बसला होता. पडद्यावरची छोटी हॅचबॅक पाचव्या गिअरमध्ये, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा शेवटच्या लाल पट्ट्याला टेकवून सुसाट चालली होती. तो म्हणाला, "मामा, तुमच्या गाडीला सहावा गिअर असता तर ती अजून पळाली असती."

हा समज फक्त पोरांचा नाही. गिअर वर टाकत गेलं की वेग वाढतो हे आपण रोज बघतो. म्हणून शेवटचा गिअर म्हणजे शेवटचा वेग, असं बहुतेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. बरेच गेम हाच समज पक्का करतात.

वही घेऊन बसलो. छोट्या पेट्रोल गाडीच्या जवळपास जाणारे, सोयीचे आकडे घेतले. 80 हॉर्सपॉवरचं इंजिन, मिनिटाला जास्तीत जास्त 6000 फेरे. गिअरची प्रमाणं 3.5, 2, 1.35, 1 आणि 0.75. शेवटी डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकांच्या आधीच्या गिअरच्या जोडणीत, आणखी 4. टायर 165/80 आर 14 मापाचा, त्याचा परीघ साधारण 1.95 मीटर. पहिल्या गिअरमध्ये 3.5 गुणिले 4 म्हणजे 14. इंजिनाचे 14 फेरे झाले की चाकाचा एक. त्यामुळे 6000 फेऱ्यांना वेग होतो ताशी 50 किलोमीटर. चौथ्यात तो येतो 175. पाचव्यात तर 234! भाच्याचे डोळे चमकले.

पण ही गाडी 234 ने कधीच जाणार नाही. वाटेत हवा आहे.

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. लागणारी ताकद म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणजे ती होते आठपट. आपली गाडी 160 ला पोचली की 80 च्या 80 हॉर्सपॉवर हवा आणि टायरांची घसट खाऊन टाकतात. तिथून 234 गाठायचं तर निव्वळ हवेसाठीच तिप्पट ताकद लागेल. आता खरी गंमत बघा. चौथ्या गिअरमध्ये 160 ला इंजिन 5470 फेऱ्यांवर असतं, जवळजवळ पूर्ण ताकदीवर. त्याच वेगाला पाचवा टाकला की फेरे 4100 वर उतरतात आणि तिथं इंजिनाकडे असते फार तर 60 हॉर्सपॉवर. हवा मात्र 80 च मागते. गाडी मंदावते! म्हणजे या गाडीचा सर्वाधिक वेग चौथ्यात आहे, पाचव्यात नाही. सहावा दिला असता तर त्यात ती आणखी हळू झाली असती.

मग पाचवा कशाला? समृद्धी महामार्गासाठी. तिथं कारची मर्यादा 120 आहे, म्हणजे मिनिटाला बरोबर 2000 मीटर. चौथ्यात इंजिन 4100 फेरे घेईल, पाचव्यात 3080. आवाज कमी, पेट्रोल कमी.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघा. ताकद 50 हॉर्सपॉवरच्या आसपास, आपल्या कारपेक्षाही कमी. पण त्याचे गिअर फेरे इतके कमी करतात की वरच्या गिअरलाही तो ताशी 30 च्या आसपास जातो. त्या बदल्यात चाकाला जो पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो, त्याच्यावर भरलेल्या ट्रॉल्या ओढल्या जातात.

गेम खोटा आहे का, हे कानाने ओळखता येतं. खऱ्या गाडीत 6000 वर पहिल्याचा दुसरा केला की काटा 3430 वर पडतो. चौथ्याचा पाचवा केला की 4500 वर. खाली शिल्लक जोर भरपूर असतो, म्हणून मोठी उडी चालते. वर शिल्लक थोडीच, म्हणून पायऱ्या जवळ लागतात. साधे गेम सगळा वेग सारख्या तुकड्यांत कापतात आणि प्रत्येक गिअरला काटा तेवढाच पाडतात. गंभीर गेम मात्र वरचं सगळं गणित करतात. 1997 च्या ग्रान तुरिस्मो या गेममध्येही गिअरची प्रमाणं बदलता येत होती. त्यात रेसिंग गाडीचा शेवटचा गिअर लाल पट्ट्यापर्यंत जात असेल तर ते बरोबरच आहे. ती गाडी पेट्रोल वाचवायला बनवलेली नसते.

गिअरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कन्नडचा औट्रम घाट उतरताना काही जण बोनेटला लिंबू-मिरची बांधतात आणि पेट्रोल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनाला, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर उतारावर पेट्रोल मिळतच नाही. न्यूट्रलमध्ये ते चालू राहायला पेट्रोल पितं. वर इंजिनाचा ब्रेकही जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात. लिंबू ते थंड करत नाही.

दुसऱ्या दिवशी समृद्धीवर भाच्याला शेजारी बसवलं. आमच्या गाडीचे आकडे घालून त्यानं रात्रीच गणित करून ठेवलं होतं: पाचव्यात 100 ला 2564 फेरे. स्पीडोमीटरवर 100 दिसले तेव्हा फेऱ्यांचा काटा मात्र 2500 च्याही थोडा खाली होता. तो हिरमुसला. गणित चुकलं नव्हतं. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये असा नियम असतो, म्हणून कंपन्या तो थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात. आम्ही 100 ने चाललोच नव्हतो. त्यानं मोबाइलवर जीपीएस लावलं. 96.